तनोट ते जोधपूर, पाण्याच्या वाटेने

थरच्या वाळवंटात सायकलने जायचं तर रस्त्याची चिंता फारशी नसते. सीमेकडे जाणारे रस्ते सैन्याच्या वाहतुकीसाठी राखलेले, त्यामुळे बहुतेक ठिकाणी गुळगुळीत आहेत. चिंता असते ती पाण्याची. दादाने आणि मी घरी नकाशा पसरला तेव्हा आधी पाण्याच्या जागांवर निळ्या पेन्सिलीने खुणा केल्या, मग त्या खुणा जोडत मुक्काम ठरवले. तनोट, लोंगेवाला, रामगड, जैसलमेर, पोकरण, फलोदी, ओसियां आणि शेवटी जोधपूर. अंतर साधारण साडेचारशे किलोमीटर.

दिशा ठरवून पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवली, म्हणजे कोरड्याकडून ओल्याकडे. जैसलमेरला वर्षभरात दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंदला गेला होता, म्हणजे जैसलमेरचा जवळपास पाच वर्षांचा पाऊस. तरीही जैसलमेर साडेआठशेहून अधिक वर्षं नांदतं आहे. ते कसं, हे मला रस्त्याच्या वेगाने, थांबत थांबत पाहायचं होतं. गाडीतून पाहिलं की वाळवंट एकसारखं दिसतं. सायकलवर दर दहा किलोमीटरला जमीन, झाडं आणि माणसांची घरं बदलताना कळतात.

महिना जानेवारीचा निवडला. वाटेतल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. जानेवारीत दिवसा ऊन मऊ असतं, रात्री मात्र हाडं गारठतात. सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो आणि सहा वाजून गेले की मावळतो, तेव्हा चालवायला दिवस लहानच मिळतो. टायर ४० मिलिमीटर रुंदीचे घेतले, कारण बारीक टायर वाळूत रुततो. चेनला पातळ तेल न घालता मेण लावलं. तेलावर वाळू चिकटून बसते आणि चेन आतून खाते. पाणी प्रत्येकी सहा लिटर, लांबच्या टप्प्यांना आठ.

तनोट – लोंगेवाला – रामगड

जैसलमेरहून पहाटे जीप केली, टपावर सायकली बांधल्या आणि अंधारातच १२० किलोमीटरवरच्या तनोटला निघालो. देवळात पोचलो तेव्हा आरती चालू होती. पूजेपासून व्यवस्थेपर्यंत सगळं सीमा सुरक्षा दलाचे जवान बघतात. १९६५ च्या युद्धात या परिसरात तोफगोळ्यांचा वर्षाव झाला. देवळाला धक्का लागला नाही, ही माताजीची कृपा अशी इथली श्रद्धा आहे. न फुटलेले गोळे आजही देवळात मांडून ठेवले आहेत. गणवेशातला जवान टाळ वाजवतो आहे आणि बाजूला ते गंजलेले गोळे, हे दृश्य पाहून मी बराच वेळ तिथून हलले नाही.

"बाईसा, पाणी इथूनच भरून घ्या. पुढे लोंगेवालापर्यंत भरवसा नाही," एका जवानाने सांगितलं. तो नाशिककडचा निघाला, आणि मराठी ऐकून त्याने दोन्ही सायकलींच्या सगळ्या बाटल्या स्वतः भरून दिल्या.

तनोट ते लोंगेवाला हा साधारण चाळीस किलोमीटरचा रस्ता या सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा. वाळूच्या टेकड्यांवरून रस्ता सरळ वर चढतो आणि सरळ खाली उतरतो. वळणं जवळपास नाहीतच. चढाच्या माथ्यावर आलं की पुढचे तीन-चार चढ एकदम समोर उभे राहतात. काही ठिकाणी वाळू डांबरावर सरकून आलेली असते. तिथे उतरून सायकल ढकलावी हेच बरं, कारण वाळूत पुढचं चाक फिरलं की माणूस कुशीवर पडतो. टेकड्या सरकू नयेत म्हणून रस्त्याच्या कडेने झाडोऱ्याच्या काटक्यांची चौकटी कुंपणं रोवून त्यांच्या आत झाडं आणि गवत लावलेलं दिसतं. फोग, खींप, रुई आणि सेवण गवत. सेवण ही इथल्या गाईगुरांची भाकरीच. त्याची मुळं वाळूला घट्ट धरून ठेवतात आणि पावसाच्या एकदोन सरींवर ते पुन्हा हिरवं होतं. ही झुडपं पहिल्या तासाभरात ओळखता यायला लागली, की वाळवंट उजाड म्हणवत नाही.

लोंगेवालाला ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखालच्या २३ पंजाब पलटणीच्या तुकडीने, सुमारे १२० जवानांनी, पाकिस्तानी रणगाड्यांची चढाई रात्रभर अडवून धरली. सकाळी जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि उघड्या वाळूवर रणगाड्यांना लपायला जागा उरली नाही. तिथे ठेवलेल्या रणगाड्याजवळ उभं राहून आजूबाजूला पाहिलं की विमानांचं काम किती सोपं झालं असेल ते समजतं. क्षितिजापर्यंत आडोसा म्हणून काही नाही. रात्रीच्या त्या तासांत जवानांनी काय सोसलं असेल, ते मात्र अशा जागी उभं राहूनही पुरतं कळत नाही.

रामगडच्या अलीकडे एका वस्तीपाशी मला पहिली बेरी बघायला मिळाली. हात पसरला तर दोन्ही कडांना टेकेल इतक्या अरुंद तोंडाची विहीर. या भागात वाळूखाली कुठे कुठे जिप्समचा थर असतो. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, त्या थरावर अडतं आणि खालच्या खाऱ्या भूजलात मिसळत नाही. वाळूच्या कणांत अडकलेली ती ओल बेरीच्या भिंतींमधून थेंबाथेंबाने पाझरते. तोंड अरुंद अशासाठी, की पाणी कमी, म्हणून ते पसरू नये आणि उन्हाने उडू नये. रात्रभरात काही घागरी जमतात. पावसाचं वरचं पाणी पालर, वाळूत अडकलेलं रेजाणी आणि खोल भूजलाचं पाताळी, असे पाण्याचे तीन प्रकार तिथल्या आजीने मला बोटांवर मोजून सांगितले. तिने घागरीतलं पाणी देऊ केलं. मी आमच्याकडे आहे म्हणाले तर ती रागावली. मग ओंजळ पुढे केली. गोड, थंड पाणी होतं.

रामगड – जैसलमेर

साठ किलोमीटरचा सोपा दिवस. रामगडच्या परिसरात मोहरी फुललेली होती, जिरं आणि इसबगोलाची शेतं होती, आणि पाटाने पाणी वाहत होतं. आदल्या दिवशीच्या त्या बेरीनंतर हे पाहून डोळे दिपले.

हे पाणी पंजाबातून येतं. सतलज आणि बियास जिथे मिळतात तिथल्या हरिके बंधाऱ्यापासून निघणारा हा कालवा. काम १९५८ मध्ये सुरू झालं, तेव्हा नाव राजस्थान कालवा, १९८४ नंतर इंदिरा गांधी कालवा. जैसलमेर जिल्ह्यातल्या मोहनगडपर्यंतची लांबी ६४९ किलोमीटर. तिथून पुढे फाटे निघतात. हिमालयातलं बर्फ वितळून झालेलं पाणी थरमध्ये मोहरीला मिळतं ही गोष्ट कितीदा वाचलेली असली तरी पाटाच्या काठावर बसून पाय बुडवले तेव्हाच ती मला खरी वाटली. दादा तिथून उठायलाच तयार नव्हता.

चहाच्या टपरीवर एक वयस्कर शेतकरी भेटले. कालवा आला, त्यांच्या मुलांची शेती झाली, गाव सोडून जाणं थांबलं, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. मग म्हणाले, "पण आता तलावाची गाळ काढायला कुणी येत नाही. आधी सगळं गाव यायचं." पुढच्या प्रत्येक मुक्कामावर हे वाक्य मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळालं.

जैसलमेर जवळ यायला लागलं तशी पवनचक्क्यांची रांग सुरू झाली. रस्त्याच्या खालच्या अंगाला एक खडीन दिसला. उताराच्या पायथ्याशी लांबलचक मातीचा बांध घालतात, आजूबाजूच्या खडकाळ उतारांवरचं पावसाचं पाणी तिथे साचतं, जमिनीत मुरतं, आणि मग त्याच ओलीवर रब्बीचा गहू आणि हरभरा घेतात. एका पावसावर, वर पाण्याचा थेंब न देता. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून या भागात ही पद्धत रुजवली. त्यांची गावं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओस पडली, पण त्यांचे खडीन अजून पिकतात. बांधाच्या आत गव्हाचं हिरवं पातं आणि बांधाच्या बाहेर दगड. मी सायकल आडवी टाकून बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

संध्याकाळी किल्ला. रावळ जैसलने ११५६ मध्ये वसवलेलं हे शहर, आणि आत अजून वस्ती असलेला जिवंत किल्ला. पिवळ्या दगडावर तिरपं ऊन पडलं की तो सोन्याचा दिसतो हे खरंच आहे. मला मात्र तिथल्या गटारांची काळजी वाटली. ही टेकडी ठिसूळ थरांची आहे. शतकानुशतकं घागरी मोजून पाणी वापरणाऱ्या किल्ल्यात नळ आले, पाण्याचा वापर वाढला, गळती टेकडीत झिरपली आणि काही बुरुज ढासळले. ज्या वास्तूने तहान सोसली तिला पाण्याच्या सुबत्तेने इजा व्हावी, हे मनाला लागलं. तिथे राहणारे पाहुणे अंघोळीला बादलीभर पाण्यावर भागवतील तर बरं. आम्ही मुद्दाम किल्ल्याखालच्या गावात उतरलो. गडीसर तलाव तिथून चालत जाण्याइतका जवळ आहे.

जैसलमेर – पोकरण

११० किलोमीटर, आणि उत्तरेकडून बोचरा वारा. वारा डावीकडून येत असल्याने सायकल सतत उजवीकडे ढकलली जाते. ट्रक मागून उजवीकडून जवळून गेला की हवेचा धक्का बसतो, ट्रक पुढे सरताना सायकल त्याच्याकडे ओढली जाते, आणि त्या दोन्ही क्षणी हँडल घट्ट धरावं लागतं. सैन्याच्या गाड्यांचे ताफे मात्र फार शिस्तीचे. अंतर राखून जातात, आणि मागच्या गाडीतले जवान हात करतात.

चांदन आणि लाठी या पट्ट्यात जमिनीखाली वालुकाश्मात गोड पाणी आहे. म्हणून इथे सेवण गवताची माळरानं, थारपारकर गाई, आणि एकेकाळी भरपूर असलेला गोडावण, आपला माळढोक. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकसाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं, तरी तिथे आता हा पक्षी दिसणं नशिबाची गोष्ट झाली आहे. देशात उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक या जैसलमेर जिल्ह्यात आहेत, आणि एकूण संख्या दीडशेच्या आसपास सांगितली जाते. जड शरीराचा पक्षी, समोरचं नीट न दिसणारी नजर आणि आडव्या विजेच्या तारा, यात तो मरतो. तारांवर पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून टांगलेल्या चकत्या वाऱ्यात गरगर फिरत होत्या. पवनऊर्जा हवी, सौरऊर्जाही हवी, पण या पट्ट्यातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा खर्च आपण करायलाच हवा, असं मला त्या रस्त्यावर फार तीव्रतेने वाटलं. तारा उद्याही टाकता येतील, माळढोक एकदा गेला की संपलं. आम्हाला तो दिसला नाही. चिंकारा दिसल्या, अगदी रस्त्याच्या कडेला.

काट्यांनी दोनदा थांबवलं. विलायती बाभळीचा काटा टायर भेदून सरळ ट्यूबपर्यंत जातो. पॅच लावण्यापूर्वी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधून काढावा लागतो, नाहीतर पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. भुरटाचे बारीक काटे मोज्यांत आणि हातमोज्यांत शिरतात ते वेगळेच. इथे चिमटा लागतो.

पोकरणच्या अलीकडे खेतोलाई लागतं. १८ मे १९७४ च्या आणि नंतर मे १९९८ मधल्या अणुचाचण्यांच्या जागेजवळचं गाव. बिश्नोई वस्ती. झाड तोडायचं नाही, हरीण मारायचं नाही, हा त्यांचा पंधराव्या शतकापासूनचा नेम. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत खेजडीची झाडं वाचवण्यासाठी अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. खेजडी म्हणजे आपली शमी. गावाच्या पारावर एका बाईंनी ताक दिलं आणि चाचणीच्या दिवसाची आठवण सांगितली: लष्कराने सगळ्यांना घराबाहेर उघड्यावर बसायला सांगितलं होतं, मग जमीन हलली, भिंतींना तडे गेले. टाक्यांनाही गेले का, असं मी विचारलं. "पाणी गेलं हो," एवढंच म्हणाल्या. टाकं म्हणजे घरची पावसाच्या पाण्याची साठवण. त्याला तडा जाणं म्हणजे त्या वर्षाचं पाणी जाणं.

पोकरणला पोचेपर्यंत अंधार पडला होता. बाजरीचा सोगरा, केर-सांगरी, लसणाची चटणी, वर तूप. झोप.

पोकरण – रामदेवरा – फलोदी

रामदेवरा पोकरणपासून बारा किलोमीटर. इथले लोकदेव बाबा रामदेव यांची समाधी, ज्यांना मुसलमान भाविक रामसा पीर म्हणतात. भाद्रपदातल्या मेळ्याला लाखो लोक चालत येतात. जानेवारीतही हातात ध्वजा आणि डोक्यावर कापडी घोडा घेतलेले जथे भेटले. पंढरीच्या वारीत वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटणारच. तसंच गाणं, तसंच एकमेकांना पाणी विचारणं. आम्हाला सायकलवर पाहून त्यांनी आपण होऊन "जय बाबारी" म्हटलं. समाधीजवळच्या परचा बावडीच्या पायऱ्या उतरून पाणी पाहिलं. भाविक ते तीर्थ म्हणून घेऊन जातात. गावाजवळचा रामसरोवर तलाव बाबांनीच खोदवला असं मानतात. तलाव खोदणारा माणूस इथे देव झाला यात मला काहीच नवल वाटलं नाही.

पुढचं अंतर सपाट. फलोदी-बापच्या भागात मिठागरं आहेत. खारं भूजल उन्हात वाळवून मीठ काढतात. तीन बाजूंना पांढरी जमीन, आणि बाटलीतलं पाणी आपण नेहमीपेक्षा लहान घोटांनी पितो हे लक्षात आलं. दुपारीच फलोदी गाठलं, सामान टाकलं आणि चार-पाच किलोमीटरवरच्या खीचनला गेलो. तलावाच्या काठावर करकोचे, इथल्या बोलीत कुरजां, शेकड्यांनी उभे होते. पण खरी वेळ सकाळची, असं सगळ्यांनी सांगितलं.

खीचन – ओसियां

उजाडायच्या आधी खीचनच्या चुग्गाघराजवळच्या, म्हणजे पक्ष्यांना दाणे घालायच्या जागेजवळच्या, एका घराच्या गच्चीवर आम्ही चढलो. घरमालकांनी आधी चहा दिला, मग जागा दिली. थंडीने बोटं वळत नव्हती.

आधी आवाज आला. लांबून, उंचावरून, घशातून काढलेला, न थांबणारा. मग पूर्वेकडच्या फिकट आभाळात रेघा उमटल्या. एकामागे एक थवे येत राहिले, गावावर घिरट्या घेत राहिले, बाहेरच्या मोकळ्या माळावर उतरत राहिले. कुंपणातल्या मैदानात गावकऱ्यांनी आदल्या संध्याकाळी ज्वारीचे दाणे पसरून ठेवलेले असतात. पहिला थवा आत उतरायला बराच वेळ लागतो. एक कुत्रा भुंकला तरी सगळे पुन्हा वर. पण एकदा काही पक्षी उतरले की उरलेले असे येतात, की जमीन दिसेनाशी होते. राखाडी अंग, काळी मान, डोळ्यामागून मागे वळलेला पांढऱ्या पिसांचा तुरा. हजारो पक्षी, खांद्याला खांदा लावून टिपत आहेत आणि भांडत नाहीत.

हे पक्षी मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात आणि मार्चपर्यंत राहतात. त्यांना दाणे घालण्याचं व्रत इथल्या जैन कुटुंबांनी सुरू केलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. रोज काही पोती धान्य लागतं, त्यासाठी बाहेरगावी गेलेले खीचनकर पैसे पाठवतात. जून २०२५ मध्ये खीचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण पक्षी दाण्यांइतकेच पाण्यासाठी येतात. दाणे खाऊन झाले की ते गावातल्या तलावांवर जातात, पाणी पितात, काठावर उभे राहतात. ते तलाव गावाने राखले म्हणून कुरजां राहिल्या. हिमालय ओलांडून येणाऱ्या पक्ष्याचा मुक्काम एका गावच्या तळ्यातल्या गाळावर अवलंबून असतो. तळ्याचा गाळ काढणं हे काम मला त्या सकाळी जगातल्या कुठल्याही मोठ्या कामाइतकं मोठं वाटलं.

निघायला नऊ वाजले. लोहावटच्या पुढे रस्त्याकडेच्या एका ढाणीवर, म्हणजे शेतवस्तीवर, पाणी मागायला थांबलो. घरातल्या बाईंनी दादाला बाहेर खाट दिली आणि मला हात धरून मागच्या अंगणात नेलं, त्यांचं टाकं दाखवायला. चुन्याने सारवलेलं गोल तोंड, वर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. भोवती उतरती, चोपून घट्ट केलेली मुरमाड जमीन, तिला आगोर म्हणतात. पावसाआधी आगोर झाडून लख्ख करतात. तिथे चप्पल घालून जायचं नाही, गुरं सोडायची नाहीत. पाणी आत शिरायच्या भोकांना जाळ्या. एक चांगला पाऊस पडला की टाकं भरतं, आणि घरातल्या पिण्याच्या पाण्याची वर्षातल्या बऱ्याच महिन्यांची सोय होते.

"आता नळ आलाय," त्या म्हणाल्या, "पण प्यायला मी हेच काढते. नळाचं पाणी कधी येतं, कधी नाही. हे माझं आहे." कुलपाची किल्ली त्यांच्या ओढणीच्या टोकाला बांधलेली होती. त्यांनी आमच्या दोन बाटल्या भरल्या. त्या पाण्याने ना तोंड धुतलं, ना हात. ओसियांपर्यंत दोघांनी पुरवून प्यायलं.

ओसियां उन्हं कलताना आलं. आठव्या ते अकराव्या शतकांतली प्रतिहारकालीन देवळं, उंच जोत्यावरची सच्चियाय माता, महावीर मंदिर. नक्षीविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. मी जास्त वेळ कातन बावडीपाशी घालवला. वाळवंटाच्या कडेला एवढी देवळं उभी राहिली ती व्यापाऱ्यांच्या तांड्यांमुळे, आणि तांडे थांबायचे पाण्यापाशी. बावडी आधी, बाजार मग आणि देवळं त्यानंतर, असा क्रम मी मनात लावला. बावडीत कचरा होता. देवळांच्या आवारात तो नव्हता.

ओसियां – जोधपूर

शेवटचे पासष्ट किलोमीटर. वाळू मागे पडली. शेतं, कुंपणं, बोअरवेल, गावांना गावं लागून. मथानियाची लाल मिरची राजस्थानभर प्रसिद्ध, पण तिचं क्षेत्र आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. भूजल खोल गेलं, खारं झालं, रोग आले. एका शेतकऱ्याने वाळत घातलेली मिरची दाखवली, मूठभर हातावर ठेवली. रंग असा, की मसाल्याच्या डब्यातल्या तिखटाला मी आजवर लाल का म्हणत होते कळेना.

मंडोरला देवलं, म्हणजे राजांच्या स्मारक-छत्र्या, पाहिली. मारवाडची ही जुनी राजधानी. राव जोधाने १४५९ मध्ये ती सोडून चिडियाटूकच्या खडकावर मेहरानगड बांधायला घेतला. त्या खडकावर राहणाऱ्या साधूला हलावं लागलं, त्याने या शहराला पाण्याची टंचाई भोगावी लागेल असा शाप दिला, अशी कथा आहे. कथा काहीही असो, त्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी आणि राण्यांनी ती गांभीर्याने घेतल्यासारखं शहर बांधलं. किल्ल्याच्या पायथ्याशी राणीसर आणि पदमसर, आसपासच्या खडकांवरचं पाणी शहराकडे आणायला दगडात कोरलेले पाट, जुन्या शहरात गल्लोगल्ली बावड्या आणि झालरे, म्हणजे पायऱ्यांची कुंडं.

मंडोरपासून पुढे रहदारी अंगावर येते. इतक्या दिवसांच्या मोकळ्या रस्त्यानंतर टेम्पो, रिक्षा, बस, हॉर्न यांच्यात सायकल चालवताना खांदे आखडले. दादा पुढे, मी मागे, दोघांत एका सायकलीचं अंतर, आणि ट्रॅफिकमध्ये डावी कडा सोडायची नाही. मेहरानगड मात्र मान वर केली की दिसत राहतो, त्यामुळे वाट चुकत नाही.

संध्याकाळी तूरजी का झालऱ्यावर गेलो. १७४० च्या दशकात महाराजा अभयसिंहांच्या राणीने बांधलेला, लाल दगडाच्या पायऱ्यांचा. अनेक वर्षं गाळाने भरलेला होता, आता साफ केला आहे, आणि तरुण मुलं वरून पाण्यात उड्या मारतात. पायऱ्यांवर बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी जोधपूरची पुढची गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकात राजीव गांधी लिफ्ट कालव्याने इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पंपांनी उचलून शहराच्या कायलाना तलावात आणलं. नळाला पाणी आलं, बायकांच्या डोक्यावरच्या घागरी उतरल्या. लोकांनी बावड्यांतून पाणी काढणं बंद केलं. मग जमिनीतलं पाणी वर येऊ लागलं. जुन्या शहरातल्या तळघरांमध्ये पाणी शिरलं, दुकानदारांना पंप लावून ते बाहेर टाकावं लागलं. गोड, स्वच्छ करता येण्याजोगं पाणी गटारात जातं, आणि शहर शेकडो किलोमीटरवरच्या पाण्याची वाट पाहतं. कालव्याच्या दुरुस्तीसाठी नहरबंदी झाली की पुन्हा टँकर.

"बावडीतून काढत राहिलो असतो तर तळघरं कोरडी राहिली असती," ते म्हणाले. मला वाटतं यात सगळं आलं. कालवा नको असं रामगडच्या मोहरीसमोर उभं राहून कुणी म्हणणार नाही. पण ज्या गावाने तळं, टाकं, बावडी सांभाळली, त्याला कालव्याचं पाणी जोडीला मिळालं. ज्याने ती बुजवली, ते पूर्णपणे लांबच्या बंधाऱ्यावर विसंबून राहिलं. जोधपुरात काही बावड्या साफ होत आहेत ही आनंदाची गोष्ट आहे. साफ झाल्यावर त्यांतलं पाणी पुन्हा वापरात यायला हवं, नाहीतर त्या नुसत्या फोटो काढायच्या जागा होतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली रेल्वेच्या पार्सल खिडकीवर देण्याआधी आम्ही शहराच्या पश्चिमेला कायलानापर्यंत जाऊन आलो. चढ बराच आहे, सामान नसल्यामुळे पाय हलके होते. १८७२ मध्ये सर प्रताप यांनी बांधवलेला तलाव, लालसर खडकांत. रामगडच्या पाटात पाय बुडवले होते, तेच हरिकेचं पाणी इथे शहराला मिळतं. दादाने बांधावर बसून नकाशा काढला आणि निळी पेन्सिल हरिकेवर ठेवली. आता त्याला हरिके ते मोहनगड, कालव्याच्या काठाकाठाने जायचं आहे. कुठल्या भागात परवानगी लागते, कुठे मुक्काम होऊ शकतो, हे विचारायला त्याने सुरुवातही केली आहे.